कवटीतील सात दारांची खोली

कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते आणि पाठोपाठ नाकही वाहू लागते. वरची दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य टाळूच्या मागच्या भागात सुई टोचतात आणि गालाची व वरच्या ओठाचीही एक बाजू बधिर होते. एखाद्या वयस्कर माणसाच्या नाकातून रक्ताची धार लागते आणि ती थांबता थांबत नाही. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वाटते का? वरवर पाहता नाही. पण शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा. तो सांगेल, की या तिन्हींचे धागे कवटीच्या आतल्या एका लहानशा पोकळीत एकत्र येतात.

ही पोकळी जेमतेम २ सें.मी. उंच आणि सुमारे १ सें.मी. रुंद असते. एका चिंचोक्याने ती जवळजवळ भरून जाईल. पण एवढ्याशा जागेला तब्बल सात दारे आहेत! एक मेंदूकडे उघडते, एक डोळ्याकडे, एक नाकात, एक तोंडात, एक घशाकडे, एक गालाकडे आणि एक कवटीच्या तळाकडे. चेहऱ्याच्या मध्यभागाला लागणारे बहुतेक सर्व मज्जातंतू व रक्तवाहिन्या या खोलीतून जातात. आज या खोलीत एक फेरफटका मारू या.

खोली आहे कोठे?

आपल्या डोक्याच्या सांगाड्यात एकूण २२ हाडे असतात. त्यांपैकी ८ हाडांची मिळून मेंदूची पेटी होते आणि १४ हाडांचा चेहरा बनतो. चेहरा या पेटीला पुढून व खालून जोडलेला असतो. जेथे ही जोडणी होते तेथे हाडांच्या मधे काही फटी व खळगे राहतात. आपली खोली म्हणजे त्यांतलाच एक खळगा होय. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा या खोल्या दोन असतात.

वरच्या जबड्याच्या शेवटच्या दाढेला जीभ लावा. तेथून मागे आणि वर, डोळ्याच्या खोबणीचे टोक जेथे निमुळते होत संपते त्याच्या खाली, नाकाच्या मागच्या भागाच्या शेजारी ही खोली असते. बाहेरून बोट लावून ती चाचपता येत नाही, कारण गालाचे हाड आणि चावण्याचे स्नायू आड येतात. कवटी हातात धरून बाजूने पाहिली तरच वरच्या जबड्याच्या मागे एक उभी फट दिसते. ती फट म्हणजे या खोलीचे बाहेरचे दार.

शास्त्रीय पुस्तकांत या खळग्याला टेरिगोपॅलेटाइन फॉसा म्हणतात. नाव अवघड वाटते, पण फोड केली की सोपे होते. ग्रीक भाषेत ‘टेरिक्स’ म्हणजे पंख, लॅटिनमध्ये ‘पॅलेटम’ म्हणजे टाळू आणि ‘फॉसा’ म्हणजे खळगा किंवा चर. पंख आणि टाळू यांच्यामधला खळगा असा त्याचा अर्थ. यातला पंख कोणाचा? कवटीच्या तळाशी मधोमध एक हाड आहे, त्याला मराठीत जतुकास्थी म्हणतात. जतुका म्हणजे वटवाघूळ. या हाडाचा आकार खरोखरच पंख पसरलेल्या वटवाघळासारखा दिसतो. त्याच्यापासून दोन्ही बाजूंना खाली लोंबणारे जे फाटे निघतात, त्यांना शरीररचनाशास्त्रज्ञांनी पंखासारखे म्हटले.

भिंती

कोणतीही खोली समजून घ्यायची तर आधी तिच्या भिंती पाहाव्यात.

पुढची भिंत वरच्या जबड्याच्या हाडाची आहे. हे हाड आतून पोकळ असते. सर्दी झाली की जी पोकळी भरून येते आणि गाल जड वाटतो, ती हीच. म्हणजे गालातली सायनसची पोकळी आणि आपली खोली यांच्यामध्ये एक पातळ हाडाचा पडदा आहे.

मागची भिंत जतुकास्थीच्या पंखाची. छतही मुख्यतः त्याच हाडाचे. आतली, म्हणजे नाकाकडची भिंत टाळूच्या हाडाची आहे. हे हाड इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे असते. त्याचा आडवा भाग टाळूच्या मागच्या टोकाशी असतो आणि उभा भाग वर चढून या खोलीची आतली भिंत होतो.

बाहेरच्या बाजूला भिंत अशी नाहीच. तेथे ती उभी फट आहे. आणि तळ? खोली खाली खाली अरुंद होत जाते आणि शेवटी तिची एक नळी बनते. उलट्या धरलेल्या नरसाळ्याची नव्हे, तर तेल ओतायला सुलट्या धरलेल्या नरसाळ्याची आठवण ठेवा. वर रुंद तोंड आणि खाली नळी.

सात दारे

आता दारे मोजू. मागच्या भिंतीत तीन, पुढे वरच्या बाजूला एक, आत एक, बाहेर एक आणि खाली एक.

पहिले दार मागच्या भिंतीत सर्वांत वर असते. ते गोल आहे आणि मेंदूच्या पेटीत उघडते. त्यातून चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारा एक जाड मज्जातंतू खोलीत येतो.

दुसरे दारही मागच्याच भिंतीत, पण थोडे खाली आणि नाकाच्या बाजूला सरकलेले. हे दार म्हणजे हाडात कोरलेला एक बोगदा आहे. तो कवटीच्या तळाकडून येतो. याला व्हिडियन नलिका म्हणतात.

तिसरे दार मागच्या भिंतीत आणखी आत, अगदी नाकाच्या कडेला असते. हे बारीक छिद्र घशाच्या वरच्या भागाकडे, म्हणजे नाकाच्या मागे असलेल्या जागेकडे जाते.

चौथे दार पुढे आणि वर आहे. ती एक तिरकी फट असून डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी उघडते.

पाचवे दार आतल्या भिंतीत वरच्या बाजूला आहे. टाळूच्या हाडाच्या वरच्या कडेला एक खाच असते आणि तिच्यावर जतुकास्थी टेकल्यामुळे तिचे छिद्र बनते. हे दार थेट नाकात उघडते.

सहावे दार म्हणजे बाहेरची उभी फट. ती गालाच्या आतल्या, चावण्याच्या स्नायूंच्या जागेकडे उघडते. मुख्य रोहिणी या दाराने आत येते.

सातवे दार म्हणजे खालची नळी. ती टाळूच्या मागच्या भागात, शेवटच्या दाढांच्या आतल्या बाजूला, तोंडात उघडते.

यातल्या दुसऱ्या दाराचे नाव एका माणसावरून पडले आहे. फ्लॉरेन्सचा वैद्य ग्वीदो ग्वीदी (१५०९–१५६९) याने हा बोगदा वर्णन केला. तो आपले नाव लॅटिनमध्ये व्हिडस व्हिडियस असे लिहीत असे. फ्रान्सच्या राजाने त्याला पॅरिसला बोलावून घेतले होते. पुढे तो इटलीत परतला आणि पिसा येथे शिकवू लागला. त्याचे शरीररचनेवरचे पुस्तक मात्र त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १६११ मध्ये व्हेनिस येथे छापले गेले. ना सूक्ष्मदर्शक, ना क्ष-किरण. हातात सुरी आणि डोळ्यांसमोर कवटी, एवढ्याच साधनांवर जेमतेम काही मिलिमीटर रुंदीचा बोगदा त्याने शोधला होता.

खोलीत कोण राहते?

दारे मोजून झाली. आता आत काय आहे ते पाहू. मुख्य रहिवासी चार: एक मज्जातंतू, एक गुच्छिका, एक रोहिणी आणि या सर्वांना सांभाळून ठेवणारी चरबी. यांखेरीज लहान नीलाही असतात.

मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात. त्यांतली पाचवी जोडी चेहऱ्याच्या संवेदनांची. तिच्या प्रत्येक बाजूला तीन शाखा असतात: वरची कपाळ व डोळ्यासाठी, मधली वरच्या जबड्यासाठी आणि खालची खालच्या जबड्यासाठी. मधली शाखा पहिल्या दाराने आपल्या खोलीत येते, येथे दाढांना आणि इतरत्र फाटे देते आणि चौथ्या दाराने बाहेर पडून डोळ्याच्या खोबणीच्या तळातून पुढे जाते. शेवटी ती डोळ्याच्या खालच्या कडेच्या थोडी खाली, हाडातल्या एका छिद्रातून गालावर येते. गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरचे दात यांना काहीही लागले, खुपले, गरम वा गार झाले, तर ती वार्ता याच वाटेने मेंदूकडे जाते.

या मज्जातंतूला खाली दोन आखूड देठांनी एक लहानसा गोळा लटकलेला असतो. त्याला गुच्छिका म्हणतात, कारण ती मज्जापेशींचा गुच्छ असते. योहान फ्रीडरिश मेकेल या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव तिला मिळाले आहे. मेकेलने १७४८ मध्ये पाचव्या मज्जातंतूवर आपला प्रबंध लिहिला, तेव्हा त्याचे वय अवघे २४ वर्षांचे होते.

गुच्छिकेचे काम समजण्यासाठी मनमाडसारखे रेल्वेचे जंक्शन डोळ्यांसमोर आणा. काही गाड्या तेथून न बदलता सरळ पुढे जातात. काही प्रवाशांना मात्र तेथे उतरून दुसरी गाडी धरावी लागते. आपल्या गुच्छिकेतून तीन प्रकारचे तंतू जातात. संवेदना वाहून नेणारे तंतू न थांबता जातात. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे तंतूही न थांबता जातात. पण ग्रंथींना ‘स्रवा’ असा हुकूम देणारे तंतू येथे थांबतात, आपला संदेश दुसऱ्या पेशीच्या हाती देतात आणि ती पेशी तो पुढे नेते. डोळ्यांतले अश्रू, नाकातला ओलावा, टाळूचा ओलावा या सर्वांचे हुकूम याच जंक्शनवर गाडी बदलतात.

अश्रूची वळणावळणाची वाट

आता कांद्याकडे वळू. कांदा कापला की त्याच्या पेशी फुटतात आणि एक वायुरूप गंधकयुक्त संयुग तयार होते. ते डोळ्याच्या पारपटलाला झोंबते. (हे संयुग बनवणारे विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये शोधून काढले.) झोंबल्याची वार्ता पाचव्या मज्जातंतूच्या वरच्या शाखेतून मेंदूच्या खोडाकडे जाते. तेथून हुकूम सुटतो: पाणी सोडा!

अश्रुग्रंथी डोळ्याच्या खोबणीत वर, बाहेरच्या कोपऱ्याजवळ असते. सरळ वाटेने हा हुकूम तेथे जाईल अशी आपली अपेक्षा. पण पुस्तकात दिलेला त्याचा मार्ग पाहा. तो प्रथम सातव्या मज्जातंतूत बसतो. हा चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू असून तो कानाच्या हाडातून जातो. कानाच्या हाडात अश्रूंचे तंतू त्याला सोडतात, कवटीच्या तळाशी येतात आणि व्हिडियन बोगद्यातून आपल्या खोलीत शिरतात. गुच्छिकेत गाडी बदलतात. मग पाचव्या मज्जातंतूच्या मधल्या शाखेबरोबर चौथ्या दाराने डोळ्याच्या खोबणीत जातात, तेथे वरच्या शाखेच्या एका फाट्याचा आधार घेतात आणि अखेर ग्रंथीपर्यंत पोहोचतात. स्वतःची गाडी नसलेला पाहुणा जसा दर मुक्कामाला दुसऱ्याच्या बैलगाडीत बसून पुढे जातो, तसाच हा प्रवास!

आणि नाक का वाहते? त्याला दोन कारणे आहेत. एक तर डोळ्यांतले जादा पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरते. दुसरे असे, की कांद्याचा तो वायू नाकालाही झोंबतो आणि नाकातल्या ग्रंथींना जाणारा हुकूमही याच गुच्छिकेतून, पाचव्या दाराने जातो.

ही वाट ठाऊक असल्याचा उपयोग काय? एखाद्याच्या चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, तर सातव्या मज्जातंतूला कोठे इजा झाली आहे याचा अंदाज वैद्याला घ्यायचा असतो. टीपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटे ठेवतात आणि ती किती भिजली हे दोन्ही डोळ्यांत ताडून पाहतात. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ मध्ये ही चाचणी मांडली. लुळ्या बाजूची पट्टी बरीच कोरडी राहिली, तर अश्रूंचे तंतू फुटून निघण्याच्या आधीच, म्हणजे कानाच्या हाडात खोलवर इजा असावी असा तर्क करता येतो. ही चाचणी एकटीच पुरेशी नसते, पण टीपकागदाचा एक तुकडा कवटीच्या आतली बातमी सांगू शकतो हे केवढे नवल!

जेवताना येणारे अश्रू

याहूनही नवलाची एक गोष्ट आहे. सातवा मज्जातंतू दुखावलेला काही रुग्ण बरा होतो, पण जेवायला बसला की त्याच्या एका डोळ्यातून पाणी वाहू लागते. दुःख नाही, तिखट नाही, तरी अश्रू! रशियन मज्जातंतुतज्ज्ञ बोगोराड याने १९२० नंतरच्या दशकात या प्रकाराचे वर्णन केले. मगर भक्ष्य खाताना रडते अशी जुनी समजूत असल्यामुळे याला ‘मगरीचे अश्रू’ असे नाव पडले.

कारण आपल्या नकाशावरून सहज समजते. सातव्या मज्जातंतूत लाळेचा हुकूम नेणारे तंतूही असतात. मज्जातंतू तुटला, तर त्याची टोके दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू लागतात. वाढताना लाळेचे काही तंतू वाट चुकतात आणि अश्रूंच्या वाटेला लागतात. ते व्हिडियन बोगद्यातून आपल्या खोलीत येतात आणि गुच्छिकेतल्या पेशींशी जोडले जातात. मग घास तोंडात गेला की मेंदू म्हणतो ‘लाळ सोडा’, आणि डोळा पाणी सोडतो. हुकूम बरोबर असतो, पत्ता चुकलेला असतो. असा प्रकार क्वचितच होतो आणि त्यावर आज उपचारही आहेत.

घोळणा फुटला तर

आता रक्तवाहिन्या पाहू. मानेतून वर येणाऱ्या एका मोठ्या रोहिणीची शाखा सहाव्या दाराने आपल्या खोलीत येते. येथे तिचे फाटे होतात आणि जवळजवळ प्रत्येक दाराने एकेक फाटा बाहेर जातो. त्यांतला पाचव्या दाराने नाकात शिरणारा फाटा महत्त्वाचा, कारण नाकाच्या आतल्या भागाला बरेचसे रक्त तो पुरवतो.

उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो, तेव्हा रक्त बहुधा नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून येते. घाबरण्याचे कारण नसते. डोके मागे टाकून झोपवणे आणि कांदा फोडून हुंगवणे हे आपल्याकडचे जुने उपाय. परंतु डोके मागे टाकल्याने रक्त घशात उतरते आणि ओकारी होते. योग्य रीत अशी: बसावे, डोके किंचित पुढे झुकवावे, नाकाचा मऊ भाग अंगठा व बोट यांत धरून १० ते १५ मिनिटे सलग दाबून ठेवावा आणि तोंडाने श्वास घ्यावा. मधेमधे सोडून पाहू नये. एवढे करूनही रक्त थांबले नाही, तर वैद्याकडे जावे.

वयस्कर माणसांत मात्र रक्त कधी कधी नाकाच्या मागच्या भागातून, म्हणजे पाचव्या दाराने येणाऱ्या रोहिणीच्या फाट्यांतून येते. बाहेरून नाक दाबून ते थांबत नाही. पूर्वी अशा वेळी गालाच्या पोकळीतून वाट काढून, आपल्या खोलीची पुढची भिंत फोडून रोहिणी बांधावी लागे. १९९० नंतरच्या दशकात नाकातून दुर्बीण घालून थेट पाचव्या दारापाशी ती बंद करण्याची पद्धत रूढ झाली. ते दार सापडते कसे? त्याच्या अगदी पुढे टाळूच्या हाडावर एक बारीक उंचवटा असतो. शल्यविशारद आधी तो उंबरठा शोधतात. त्याच्यामागे रोहिणी मिळते.

आणखी एक गोष्ट तुमच्या वयाच्या मुलांसाठी. एका नाकपुडीतून पुन्हा पुन्हा बरेच रक्त येणे आणि तीच नाकपुडी सतत चोंदलेली असणे, असे जर किशोरवयीन मुलाला होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे. कारण याच पाचव्या दाराच्या आसपास रक्तवाहिन्यांची एक गाठ वाढू शकते. ती कर्करोगाची नसते आणि फार विरळा आढळते. पण ती जवळजवळ नेहमी मुलग्यांतच आढळते. खोलीत वाढताना ती पुढची भिंत पुढे ढकलते आणि हा फुगवटा क्ष-किरण चित्रांत दिसतो. या गाठीचा तुकडा तपासणीसाठी सहजासहजी काढत नाहीत, कारण त्यातून धो धो रक्त वाहू शकते. येथे नकाशाच निदान करतो.

दंतवैद्याची सुई

सातव्या दाराचा उपयोग दंतवैद्य व शल्यविशारद करतात. टाळूतल्या छिद्रातून बारीक सुई नळीत घालून बधिर करणारे औषध वरच्या खोलीपर्यंत पोहोचवले, की पाचव्या मज्जातंतूची मधली शाखा मुळाशीच गप्प होते. एका टोचणीत त्या बाजूचे वरचे सगळे दात, टाळू, गाल आणि वरचा ओठ बधिर! पण सुई गरजेपेक्षा खोल गेली, तर औषध चौथ्या दाराने डोळ्याच्या खोबणीत जाऊ शकते आणि काही काळ एकाचे दोन दिसू लागतात. म्हणून सुई किती आत घालायची हे आधीच ठरवलेले असते.

सर्दी मुरली की काही वेळा वरच्या दाढा ठणकतात आणि दंतवैद्याला त्या निरोगी आढळतात. याचेही उत्तर येथेच आहे. गालाच्या पोकळीच्या अस्तराला आणि वरच्या दाढांना एकाच मज्जातंतूचे फाटे जातात. मेंदूला वार्ता मिळते, पण ती नेमकी कोणाकडून आली हे ओळखण्यात गल्लत होते.

दारे दोन्ही बाजूंनी उघडतात

आतापर्यंत आपण या दारांनी काय काय जाते ते पाहिले. पण जी वाट मज्जातंतूला मोकळी, ती रोगालाही मोकळी असते. याचा कटू अनुभव आपल्या देशाने २०२१ मध्ये घेतला.

त्या वर्षी कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिस हा एरवी विरळा असणारा रोग झपाट्याने वाढला. जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते आणि ४ हजारांहून अधिक दगावले होते. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांत होते.

या बुरशीचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात, शिळ्या पावावर असतात आणि श्वासाबरोबर आपल्या सर्वांच्या नाकात जातात. निरोगी शरीर त्यांना दाद देत नाही. पण रक्तातली साखर फार वाढलेली असेल आणि स्टेरॉइड औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असेल, तर बुरशी रुजते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, रक्त अडते आणि पुढचा भाग मरून काळा पडतो. काळा रंग मेलेल्या ऊतींचा असतो, बुरशीचा नव्हे. हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही.

आता तिची वाट पाहा. नाकातून पाचव्या दाराने ती आपल्या खोलीत येऊ शकते. तेथे रक्तवाहिन्या दाटीने आहेत आणि सहा दारे पुढे उघडी आहेत. चौथ्या दाराने गेली तर डोळा सुजतो, एकाचे दोन दिसतात, दृष्टी जाते. सातव्या वाटेवरच्या रोहिणीत शिरली तर टाळूवर काळा डाग पडतो. मधली शाखा सापडली तर गाल बधिर होतो. पहिल्या दाराने मेंदूकडेही वाट आहे. वरचे दात हलू लागणे, गालाला मुंग्या येणे, अर्धे नाक चोंदणे ही लक्षणे वेगवेगळी वाटतात. पण नकाशा जाणणाऱ्या वैद्याला त्यांतून रोग कोणत्या दारापर्यंत आला ते कळते.

येथे खोलीतला चौथा रहिवासी, म्हणजे चरबी, उपयोगी पडतो. १९७१ मध्ये इंग्लंडात पहिल्या रुग्णाचे सी. टी. चित्र घेतले गेले. अशा चित्रांत हाड पांढरे दिसते आणि चरबी गडद. निरोगी माणसाच्या चित्रात आपली खोली गडद, स्वच्छ दिसते. तेथे चरबीच्या जागी करडी छटा आली, तर काहीतरी आत शिरले आहे हे समजते. २०२१ मध्ये तज्ज्ञ ही लहानशी जागा मुद्दाम निरखून पाहत. अनेक शस्त्रक्रियांत तीच खोली उघडून मेलेला भाग काढावा लागला, आणि जोडीला बुरशीनाशक औषध व साखरेवर नियंत्रण. कित्येकांचे डोळे व प्राण वाचले ते रोग लवकर ओळखला म्हणून.

करून पाहा

काडेपेटीचा आतला खण घ्या. तो आखूड बाजूवर उभा करा आणि उघडी बाजू उजव्या हाताकडे ठेवा. ही झाली उजवीकडची खोली, खऱ्याहून सुमारे अडीचपट उंच. उघडी बाजू म्हणजे सहावे दार. तुमच्या समोरची, म्हणजे तुमच्यापासून दूर असलेली, लांब कड ही पुढची भिंत. तुमच्याकडची मागची भिंत. मागच्या भिंतीत वरून खाली, एकेक अधिक डावीकडे सरकत, तीन भोके पाडा. पुढच्या भिंतीत वर एक चीर, डाव्या भिंतीत वर एक भोक आणि तळाला एक भोक.

पिवळा दोरा पहिल्या भोकातून आत घेऊन पुढच्या चिरेतून बाहेर काढा. त्याला दोन आखूड दोऱ्यांनी एक मणी लटकवा; ती गुच्छिका. दुसऱ्या भोकातून हिरवा दोरा आणून मण्याला बांधा. मण्यापासून हिरवे दोरे डाव्या भोकातून, तळातून, तिसऱ्या भोकातून आणि पिवळ्या दोऱ्याबरोबर पुढच्या चिरेतून बाहेर न्या. उघड्या बाजूने लाल दोरा आणून त्याचे फाटे करा आणि इतर दारांनी काढा. उरलेल्या जागेत कापूस भरा, ती चरबी.

आता वर्गात एकाने लक्षण सांगावे आणि दुसऱ्याने कोणता दोरा, कोणते दार ते दाखवावे. उदाहरणार्थ: (१) कांदा चिरला, डोळ्यांना पाणी आले. (२) वरचा ओठ बधिर झाला. (३) घास घेताच एका डोळ्यातून अश्रू आले. (४) टाळूवर काळा डाग दिसला. (५) सुई दिल्यावर एकाचे दोन दिसू लागले.

प्रत्येक वेळी लक्षण दिसते एका ठिकाणी आणि कारण असते दुसऱ्या ठिकाणी. दोहोंमधली वाट दाखवतो तो नकाशा. शरीररचनाशास्त्रातली लांबलचक नावे पाठ करताना कंटाळा येतो खरा. पण प्रत्येक नाव एखाद्या दारावरची पाटी आहे असे समजा, म्हणजे ती विसरणार नाहीत.